उपडं झाकण

१

सुखशांती सोसायटीत त्या गुरुवारी दोन गुन्हे एकाच वेळी उघडकीला आले, आणि लोक आधी संतापले ते लहान गुन्ह्यावर.

यशोधरा ओव्हाळ क्लासहून परतली तेव्हा दिवेलागण होत आली होती. शिरगावातल्या त्या चार मजली इमारतीच्या जिन्यावरून पाणी पायरी पायरी उतरत खाली येत होतं, आणि प्रत्येक मजल्यावर एकेक बाई हातात फडकं घेऊन वरच्या मजल्याचा उद्धार करत उभी होती. राग येणारच. गच्चीतली टाकी सकाळी धुवायला काढलेली, दिवसभर सगळ्यांची घरं कोरडी ठणठणीत. संध्याकाळी कुठे पंप सुरू झाला, तर वर चढवलेलं सगळं पाणी असं गटाराच्या वाटेला लागलेलं.

"गच्चीतला नळ कुणीतरी उघडा टाकलाय!" दुसऱ्या मजल्यावरच्या वेणूबाई ओरडल्या. "आणि यशो, तुमच्या घराला कुलूप आहे गं. तुझी आई आकाशला घेऊन दवाखान्यात गेलीय. पुन्हा बिघडलं त्याचं."

आकाशचं बिघडणं ही काही बातमी नव्हती. यशोचा हा धाकटा भाऊ दम्याचा. त्याची वरात दवाखान्याकडे निघाली की इमारतीतलं कुत्रंसुद्धा मान वर करत नसे. यशोनं दप्तर वेणूबाईंच्या दारात टाकलं आणि ती वर धावली.

नळ पूर्ण उघडा होता. त्याखाली दाण्यांच्या डब्याचं पत्र्याचं झाकण उपडं पडलं होतं आणि त्यावर धार आदळून नुसता कल्लोळ चालला होता. यशोनं नळ बंद केला. आवाज थांबला तेव्हा तिला दुसरा आवाज ऐकू आला. कुणीतरी रडत होतं.

गच्चीच्या कोपऱ्यात कबुतरांची ढाबळ होती. तिच्यासमोर संतोष भोईर गुडघ्यांवर बसला होता. कबुतरं त्याची. त्याच्याभोवती साचलेल्या पाण्यात ती पडली होती, चोची उघड्या, पाय आखडलेले. एक पांढरी मादी अजून जिवंत होती. तिला उभं राहता येत नव्हतं, तरी ती उभी राहायला बघत होती. संतोषनं तिला उचललं, छातीशी धरलं, आणि यशोच्या डोळ्यांदेखत तिची मान पिरगळली.

"तडफडत होती," तो म्हणाला. "विष घातलंय गं कुणीतरी दाण्यात."

तेवढ्यात जिन्यातून आरडाओरडा वर आला. संतोषचे वडील, सोसायटीचे चेअरमन दिनानाथ भोईर, म्हाताऱ्या वॉचमनला कॉलर धरून वर आणत होते.

"दाणे कोण घालतं? हा घालतो!" दिनानाथांनी कोंडाजीला ढाबळीपुढं ढकललं. "सांग, आज दाणे कुणी घातले?"

कोंडाजीनं मेलेली पाखरं पाहिली.

"मीच घातलं," तो म्हणाला. "माझ्याच हातानं घातलं रं."

२

यशो बारा वर्षांची होती आणि तिला रहस्यकादंबऱ्यांचं वेड होतं. बदलापूर स्टेशनाजवळच्या वाचनालयातली मुलांची सगळी रहस्यं तिनं वाचून पालथी घातली होती. वाड्यातला खजिना, बोगद्यातला म्हातारा, गुहेतला सांगाडा, काही म्हणून सोडलं नव्हतं. त्यातून ती एकच गोष्ट शिकली होती. ज्याच्यावर सगळ्यांचा संशय, तो कधीच गुन्हेगार नसतो. तेव्हा कोंडाजीवर आळ आला त्याच क्षणी तिच्या लेखी तो सुटला होता.

सोसायटीच्या लेखी मात्र तो अडकला होता. रविवारी मिटिंग ठरली. तोवर दुसरा कुणी सापडला तर ठीक, नाहीतर कोंडाजीनं आपलं बिऱ्हाड उचलायचं. बिऱ्हाड म्हणजे काय, तर गेटजवळची पंपाची खोली, एक ट्रंक आणि बायको बनूबाई. तो मूळचा जांभूळचा. गावातलं घर भावकीनं कधीच गिळलेलं. या खोलीतून निघाला की त्याला डोक्यावर छप्पर नव्हतं, आणि या वयात नवी वॉचमनकी त्याला कोण देणार?

यशोला त्याच्यासाठी वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर वाईट वाटण्यापेक्षा तिला आनंद जास्त झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या इमारतीत रहस्य घडलं होतं, आणि ते सोडवायला मोठं माणूस कुणी पुढं येत नव्हतं.

शुक्रवारी तिनं पहिला गाठला तो कोंडाजी. पंपाच्या खोलीत तो भिंतीला टेकून बसला होता.

"आबा, काल गच्चीत कोण कोण गेलं होतं?"

"कोन बी गेलं आसंल. टाकीच्या पायी दार उघडंच व्हतं सारा दिस."

"तुम्ही दाणे घातले तेव्हा डब्याला झाकण होतं?"

कोंडाजी जरा आठवत राहिला. "नव्हतं. डबा उघडाच व्हता. मना वाटलं वाऱ्यानं उडालं."

यशोचे डोळे चमकले. म्हणजे कोंडाजीच्या आधी कुणीतरी डबा उघडला होता!

"आणि दाणे घालताना तुमच्याबरोबर कोण होतं?"

हा प्रश्न तिनं असाच विचारला, कादंबऱ्यांत विचारतात म्हणून. पण कोंडाजीनं मान खाली घातली.

"कोन नव्हतं," तो म्हणाला. "मी एकलाच."

म्हातारा खोटं बोलत होता. हे यशोलाच काय, बनूबाईलाही कळलं. तिनं चुलीपुढून नवऱ्याकडे रागानं पाहिलं.

संतोष त्याच्या दारात बसला होता. रडून त्याचे डोळे सुजले होते. त्यानं सांगितलं ते असं. विष म्हणजे उंदराचं औषध. त्याची पुडी गेल्या महिन्यात सोसायटीनंच घरोघर वाटलेली, त्यामुळे ती कुणाकडेही असणार. ढाबळीजवळ दोन डबे असायचे. मोठ्यात सगळ्यांचे दाणे, आणि छोट्यात एका पोरक्या पिल्लासाठी भिजवलेले हरभरे.

"त्याच्या आईला मांजरानं नेलं होतं," संतोष म्हणाला. "पिल्लू आपल्या चोचीनं खायचंच नाही. मग जुने लोक करतात तसं आबा करायचे. दाणे आपण चावायचे आणि त्याची चोच तोंडात घेऊन भरवायचे. ते पण मेलं."

"तुला कुणाचा संशय आहे?"

"किशू शेठ." नाव घेतानाच त्यानं मूठ आवळली. किशू शेठचं उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात पाखरांचं दुकान होतं. पांढरी जोडी त्याला हवी होती आणि संतोषला ती द्यायची नव्हती. गुरुवारी दुपारी शेठ पुन्हा आला होता. संतोष जेवत होता तोवर तो एकटाच गच्चीत थांबला. मग दोघांची जुंपली. संतोषनं त्याला गेटबाहेर काढलं, चारचौघांत. "जाताना म्हणाला, पछताओगे."

यशोनं दिनानाथांनाही सोडलं नाही. "काका, ही कबुतरं कुणाकुणाला नको होती?"

"विचार, कुणाला हवी होती!" ते हसले. "वाळवणं घाण होतात म्हणून वेणूबाई बोंबलतात. तुझ्या आईनं तर किती वेळा येऊन सांगितलं, पिसांमुळं आकाशला त्रास होतो म्हणून. मी म्हटलं, वहिनी, पोरगा दम्याचा आहे त्याला माझी कबुतरं काय करणार? खिडकी लावा. म्हणून काय कुणी विष घालतं? तुझी आई तर मुंगीलाही बाजूला करून पाय टाकणारी."

ते खरंच होतं. माया ओव्हाळ दर रविवारी विहारात मुलांकडून पंचशील म्हणून घ्यायच्या. पाणातिपाताचा अर्थ सांगताना, जीव घेऊ नये, घेणाऱ्याला साथही देऊ नये, हे त्या इतक्या मायेनं सांगत की दंगेखोर पोरंही गप्प बसत.

यशोनं संशयितांत तीन नावं धरली. वेणूबाई, दिनानाथ आणि किशू शेठ. कोणती मुलगी अशा वेळी आपल्या आईचं नाव धरेल?

३

शनिवारी सकाळी आकाश सलाइन संपवून घरी आला. पालीसारखा पांढरा पडलेला आणि नेहमीपेक्षा गप्प.

"या वेळी दमा नव्हता गं," आई म्हणाली. "उलट्याच उलट्या. डॉक्टर म्हणतात, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. मी जरा खाली पाणी आणायला गेले होते, परत येते तर हा न्हाणीघराच्या दारात पडलेला." ती त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. बाबा कारखान्यात डबल ड्युटीवर होते. घरात तिघंच.

यशोच्या डोक्यात मात्र ते झाकण होतं. कोणी टाकलं असेल ते नळाखाली? आणि टाकलं तर उपडंच का? वाऱ्यानं उडालेलं झाकण नेमकं नळाच्या तोंडाखाली जाऊन बसतं होय? ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी विचार करत उभी होती. वर छताच्या पलीकडे बरोबर गच्चीतला नळ होता.

आणि एकदम तिला आठवलं. तीन वर्षांपूर्वी इथं यायच्या आधी ओव्हाळ कॅम्प दोनमध्ये चाळीत राहायचे. तिथं पाणी कधी येईल याचा भरवसा नसे. मग बायका रिकामा नळ उघडाच ठेवत आणि खाली काहीतरी उपडं घालत. कुणी परात, कुणी घमेलं, कुणी डब्याचं झाकण. पाण्याचा पहिला थेंब पडला की टण्ण आवाज व्हायचा आणि अख्खी चाळ हंडे घेऊन धावायची.

"आई! मला कळलं!" ती ओरडली. "ते झाकण पडलेलं नाही, ठेवलेलं आहे! कॅम्पात ठेवायचे तसं! गुन्हेगारानं विष कालवलं, हात धुवायला नळ उघडला, पाणी नव्हतं, मग सवयीनं झाकण उपडं घातलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तूच म्हणतेस ना? ज्यांच्याकडे चोवीस तास टाकीचं पाणी, त्यांना हे सुचणारच नाही. भोईर काका बोअरच्या पाण्यावर वाढलेले. वेणूबाई पनवेलच्या बंगल्यातून आल्या. आणि आबा तर जांभूळचे. जगाला पाणी जातं त्यांच्या गावातल्या शुद्धीकरण केंद्रातून, आणि गावाला मात्र विहीर! त्यांच्या घरी नळच नव्हता कधी!"

आईचा हात आकाशच्या कपाळावर थांबला.

"हळू बोल. त्याला झोपू दे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, यशोकडे न बघता म्हणाली, "तो पाखरंवाला शेठ, तोही कॅम्पातलाच ना गं?"

यशोनं आईच्या गळ्यात हातच टाकले. इतकी हुशार आई कुणाला असते!

४

रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली आणि दुपारी सोसायटीच्या आवारात खुर्च्या मांडल्या गेल्या. कोंडाजीची ट्रंक आधीच खोलीबाहेर आणून ठेवली होती. निकाल लागायच्या आधी फाशीचा दोर विणून ठेवावा तशी. ट्रंकेवर बनूबाई बसली होती.

संतोषनं यशोच्या सांगण्यावरून किशू शेठला बोलावून घेतलं होतं. उरलेल्या पाखरांचं बघायचंय, अशी थाप मारून. बिचारा आला होता, हातात रिकामा पिंजरा घेऊन.

"दोन मिनिटं मला बोलू द्या," यशो उभी राहिली. तिला फार मजा येत होती. पुढच्या रांगेत आई बसली होती, मांडीवर आकाश.

यशोनं झाकण उचलून सगळ्यांना दाखवलं. कॅम्पातली रीत सांगितली. "आता आबांचा विचार करा. टाकी रिकामी कुणी केली? आबांनी. पंपाचं बटण कुणाच्या हातात? आबांच्या. मग पाणी कधी येणार हे आबांना झाकणानं कशाला सांगायला हवं? शिवाय आबा गच्चीत गेले तेव्हा डब्याला झाकण नव्हतंच. ते आधीच नळाखाली गेलं होतं!"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. "पोरगी बोलतेय ते खरंय की," वेणूबाई म्हणाल्या.

दिनानाथांना ते आवडलं नाही. "मग कोण? नाव सांग."

"दुपारी गच्चीत एकटा कोण थांबला होता? पछताओगे कोण म्हणालं? आणि कॅम्पात कोण राहतं?" यशोनं बोट रोखलं. "किशू शेठ!"

पुढं जे झालं ते तिच्या कुठल्याच कादंबरीत नव्हतं. कादंबरीत नाव घेतलं की गुन्हेगार पळतो किंवा कबूल करतो. इथं संतोष उठला आणि त्यानं शेठच्या तोंडात भडकावली. मग दुसऱ्यानं. पिंजरा कुणाच्या तरी पायाखाली चेपला गेला. शेठ खाली पडला तरी एकजण लाथ मारत होता. मजा म्हणून लहान पोरंही पुढं सरकली. यशोच्या हातातून झाकण गळून पडलं.

"थांबा!" ती किंचाळली. "अरे थांबा ना!"

ते दमले तेव्हाच थांबले. किशू शेठ उठून बसला. ओठ फाटला होता. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं रक्त पुसलं आणि रागावण्याऐवजी तो यशोकडे बघून हसला, हे फार वाईट होतं.

"बेटी, पाखरं विकून मी पोट भरतो. मेलेलं पाखरू मेरे क्या काम का? चोरायचं असतं तर चोरलं असतं, पिंजरा तो हाथ में था." त्यानं झाकणाकडे बोट केलं. "और ये तेरा ढक्कन. बरोबर आहे, कॅम्पात ठेवतात, मेरी माँ भी रखती थी. पण कशाला ठेवतात? आवाज सुनने के लिए. मी तर निघून जाणारा माणूस. कॅम्प दो की दुकान में बैठके तेरे टेरेस का आवाज मला ऐकू येणार, साईं?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. ज्याला आत्ता तुडवलं त्याच्याच विनोदावर.

यशो हसली नाही. तिचं डोकं, एकदा चालू झालेलं, तिच्या परवानगीशिवाय पुढं चाललं होतं. आवाज ऐकण्यासाठी. म्हणजे झाकण ठेवणारा गच्चीतून खाली गेला, पण लांब गेला नाही. पाणी आलं की वर येऊन हात आणि सांडलेलं विषाचं पांढरं पीठ धुऊन टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तो आला मात्र नाही. संध्याकाळी धडधड आवाज चालू असूनही आला नाही, कारण तेव्हा तो घरी नव्हता. गच्चीतला नळ कुणाला ऐकू येतो? फक्त वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर दोनच घरं. एकाचे मालक दुबईला, वर्षभर कुलूप.

आणि दुसऱ्या घराला गुरुवारी संध्याकाळी कुलूप होतं.

तिनं आईकडे पाहिलं. आई तिच्याकडेच बघत होती. त्या नजरेत नकार नव्हता. विनवणी होती.

५

"झालं का डिटेक्टिव्ह?" दिनानाथांनी विचारलं. "की अजून कुणाचं नाव आहे?"

कोंडाजीनं मान वर केली. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर आशा होती, आणि ती यशोनंच लावली होती. आता तिनं फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"नाही," यशो म्हणाली. "मी चुकले. मला माहीत नाही."

"बसा मग खाली." दिनानाथांनी हात झटकले. "पोरांच्या नादी लागून एका परक्या माणसाला मार पडला. शेठ, तुम्ही मनावर घेऊ नका. कोंडाजी, झाकणाचं काहीही असो, दाणे तुझ्या हातचे. ट्रंक उचल."

बनूबाई ट्रंकेवरून उठली. कोंडाजीनं एक कडी धरली, तिनं दुसरी. कुणीही त्यांना मदत करायला पुढं झालं नाही. यशो आपल्या चपलांकडे बघत राहिली. आई होती ती. आईला पोलिसांनी नेलं तर आकाशचं कोण करणार, असं ती स्वतःला सांगत होती, आणि ते खोटंही नव्हतं.

"आबांनी नाही घातलं विष!"

आवाज बारीक होता. आकाश आईच्या मांडीवरून उतरून उभा राहिला होता.

"पोरा, गप," कोंडाजी घाईघाईनं म्हणाला. "नगं बोलू. आपलं ठरलंय नव्हं?"

"मी बोलणार. मी पण होतो गच्चीत. आबा दाणे घालत होते आणि मी पिल्लाला भरवत होतो. तोंडानं." त्यानं आईकडे घाबरून पाहिलं. "आई मारेल म्हणून आबांनी कुणालाच सांगितलं नाही. पण त्यांना विष माहीत असतं तर त्यांनी मला ते दाणे चावू दिले असते का?"

इमारतीतल्या शिकल्यासवरल्या माणसांना जे चार दिवसांत सुचलं नाही, ते तो पोरगा बोलून गेला. दिनानाथांचं तोंड उघडंच राहिलं. पण त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. माया ओव्हाळ खुर्चीवरून खाली आल्या होत्या. त्यांनी आकाशचे दोन्ही दंड धरले होते.

"कुठल्या डब्यातले?" त्या ओरडल्या. "छोट्यातले ना? पिल्लाचे? छोट्यातले होते, म्हण!"

"छोट्यातले संपले होते. मोठ्यातले घेतले."

"मोठ्यातले कशाला घेतलेस? छोट्या डब्याला तर मी हातसुद्धा लावला नव्हता!"

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि त्यांच्या लक्षात आलं. पण त्यांना त्याची पर्वाच नव्हती. त्या आकाशचं तोंड उघडून आत बघत होत्या, जणू गुरुवारचे दाणे अजून तिथं असतील. "किती गिळलेस? बाळा, किती गिळलेस रे?"

"कडू होते," आकाश रडायला लागला. "थुंकले मी. थोडेच गिळले."

संतोष पुढं आला. आत्ता काही वेळापूर्वी भलत्याच माणसावर चाललेला त्याचा हात आता नुसताच लोंबत होता. "काकू, तुम्ही?"

"रात्र रात्र बसून त्याचा श्वास मोजलाय मी," माया म्हणाल्या. त्या कुणालाच सांगत नव्हत्या. "तुमच्या दारी येऊन हात जोडले. खिडकी लावा, म्हणालात. मी माझ्या लेकरासाठी केलं." आणि मग त्यांनी आकाशला पोटाशी धरलं आणि त्या अशा ओरडल्या की लहान पोरं घाबरून आयांच्या मागं लपली. शिक्षा द्यायला आता सोसायटीला काही शिल्लक राहिलं नव्हतं.

लोक हळूहळू पांगले. पोलिसांत द्यायचं की नाही यावर दिनानाथ कुणाशी तरी कुजबुजत होते. बदनामी सोसायटीचीच होईल, असं त्यांचं मत पडत होतं. किशू शेठ आपला चेपलेला पिंजरा गुडघ्यावर घेऊन तारा सरळ करत बसला होता. जाता जाता दिनानाथांनी कोंडाजीच्या पाठीवर थाप मारली.

"ट्रंक ने बाबा आत. मनात काही ठेवू नको. होतं असं कधीकधी."

कोंडाजीनं ट्रंक उचलली नाही. तो यशोसमोर येऊन उभा राहिला.

"बाय, तू माझ्यापायी लय केलंस," तो म्हणाला. "येक सांग. तुझ्या आयशीचं तुला कवा कळलं?"

यशो म्हणाली, "आत्ताच. इथंच, मिटिंगमध्ये."

"आत्ता म्हंजी कवा? मना ट्रंक उचल म्हनले, त्याच्या आदी का मागनं?"

ती खोटं बोलू शकली असती. तिच्यावर कुणाचा संशय नव्हता, म्हाताऱ्याचाही फारसा नव्हता. त्याला फक्त 'मागनं' एवढा एक शब्द ऐकायचा होता, आणि तो ऐकून तो आपल्या खोलीत गेला असता.

"आधी," ती म्हणाली.

कोंडाजीनं मान हलवली. मग तो वळला, बनूबाईला त्यानं खूण केली, आणि दोघांनी दोन बाजूंनी ट्रंक उचलली. खोली उघडीच होती. ते खोलीकडे न जाता गेटकडे गेले.